सेकंदाला साठ चित्रं

ज्याचं प्रत्येक वाक्य ‘फक्त’ या शब्दाने सुरू होतं, त्या माणसापासून चार हात लांब राहावं, हे काटछाटेंना नोकरीच्या विसाव्या वर्षी पक्कं कळलं होतं. पण कळून उपयोग काय? तो माणूस त्यांचा साहेब होता. वयाने बारा वर्षांनी लहान, अंगाने चपळ, आणि कुठलंही काम सांगताना दोन बोटांत चिमूटभर हवा धरून दाखवणारा. ऑफिसात त्याला पाठीमागे सगळे फक्तसाहेब म्हणत. समोर नुसतं साहेब.

काटछाटे हेही खरं आडनाव नव्हे. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या ऑफिसात बाकीचे लोक गेममध्ये काही ना काही घालायचे. कुणी झाडं घालायचं, कुणी पाऊस, कुणी आवाज. काटछाटेंचं काम काढायचं. गेम जड झाला, अडखळायला लागला की कुठून काय छाटलं तर तो पळेल, हे बघायला त्यांना बसवलेलं होतं. त्यामुळे त्यांना ऑफिसात कुणी प्रेमाने चहाला बोलवत नसे. टोपणनाव इतकं रुळलं होतं की फाटकावरच्या नोंदवहीतही तेच लिहिलेलं असे, आणि एकदा त्यांनी स्वतःच त्यापुढे सही ठोकली होती.

ऑफिसचा गेम बसचा होता. शहरातली बस चालवायची, स्टॉपवर थांबायचं, प्रवासी घ्यायचे, शेवटच्या स्टॉपला न्यायचे. बंदूक नाही, भूत नाही, काही नाही. तरी सात वर्षं लोक तो खेळत होते. आता ज्या यंत्रावर तो चालायचा, त्याची सुधारलेली आवृत्ती बाजारात आली होती. नवीन पिढीचं यंत्र नव्हे बरं का. त्याच पिढीतलं, मध्येच अंगात भरलेलं.

“काटछाटे, फक्त एक टिकमार्क करायचाय,” साहेब चिमूट दाखवत म्हणाला. “जुन्या यंत्रावर आपण सेकंदाला तीस चित्रं दाखवतो. नवीन यंत्र दुप्पट ताकदीचं आहे. तीस दुणे?”

“साठ,” काटछाटे म्हणाले. सत्तेचाळीसाव्या वर्षी पाढे म्हणून दाखवावे लागले याचं त्यांना वाईट वाटलं.

“बघा! फक्त ‘साठ’च्या चौकटीत टिक करा आणि पाठवून द्या.”

काटछाटेंनी सांगायचा प्रयत्न केला. नवीन यंत्रात चित्र रंगवणारा भाग दुप्पट ताकदीचा होता, हे खरं. पण विचार करणारा भाग जुनाच होता. म्हणजे डोळे नवे आणि डोकं तेच. आणि बसच्या गेममध्ये सगळा भार डोक्यावर. कुठला प्रवासी कुठे उतरणार, कुणाला जागा मिळाली, कोण कुणाच्या पायावर पाय देणार, हा हिशेब डोकं करतं. साठ चित्रं दाखवायची तर एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंद मिळतात. डोक्याला लागत होते एकवीस. हे सगळं काटछाटेंनी तीन वाक्यांत नीट बसवलं होतं. पण पहिल्या वाक्याच्या मध्यावरच साहेबाचा फोन वाजला, आणि तो चिमूट तशीच हवेत धरून निघून गेला.

टिक केली. यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडे गेम तपासणीला गेला आणि नवव्या दिवशी कलम आणि पोटकलम लावून परत आला. पूर्वी गेम हळू पण एका चालीने जायचा. आता तो कधी चाळीसने पळायचा, कधी पंचावन्नने, आणि मध्येच ठेच लागल्यासारखा थांबायचा. पत्रात लिहिलं होतं की खेळाडूला जुन्या यंत्रापेक्षा नव्या यंत्रावर जास्त हिसके बसतात, सबब नामंजूर. काटछाटेंनी ते पत्र दोनदा वाचलं, कारण ‘हिसके’ हा शब्द त्यांना घरीही रोज ऐकावा लागत होता.

घरी त्यांचे वडील होते. बाबांनी बत्तीस वर्षं बस चालवली होती. निवृत्त झाले, मग गुडघे गेले, मग डोळ्यांच्या डॉक्टरने लायसन्सवर काट मारली. तेव्हापासून बाबा दुपारभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या ड्रायव्हरांच्या चुका काढायचे. ते बघवेना म्हणून काटछाटेंनी आपल्याच ऑफिसचा गेम टीव्हीला जोडून दिला, आणि टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग आणलं. ते स्टिअरिंग घरातल्या एकाच टेबलाला नीट बसत होतं. ते जेवणाचं होतं. त्या दिवसापासून टेबलाची बस झाली आणि कुटुंब मांडीवर ताट घेऊन सोफ्यावर जेवायला लागलं.

बाबा बस चालवायला बसताना घरच्या सदऱ्यावर आपला जुना पितळी बिल्ला लावायचे. आरसा नसलेल्या जागी आरसा बघायचे. मग गाडी सुटायची. पहिला स्टॉप व्हायचा, दुसरा व्हायचा, आणि तिसऱ्या स्टॉपनंतरच्या वळणावर बाबा डोळे मिटून घ्यायचे. चित्र तुटक पळायचं आणि त्यांना गरगरायचं. मग बाबा पलंगावर, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध, प्रवाशांसकट.

“तुझी गाडी हिसके देते,” बाबा पडल्या पडल्या म्हणायचे. “बत्तीस वर्षांत माझ्या गाडीत उभ्या माणसाच्या हातातला चहा सांडला नाही. आणि तू वीस वर्षं नोकरी करून हे बनवलंस?”

चार महिने झाले होते. शेवटचा स्टॉप कसा दिसतो ते बाबांनी अजून पाहिलं नव्हतं. काटछाटे त्यांना सांगून बसले होते की नवीन यंत्र येतंय, त्यावर गाडी लोण्यासारखी चालेल. हा शब्द त्यांनी दिला नसता तर पुढचं सगळं नुसतं ऑफिसचं काम राहिलं असतं, आणि ऑफिसचं काम बिघडलं म्हणून काटछाटेंची झोप सहसा उडत नसे.

नवीन यंत्र घरी न्यायचं तर स्टोअरवाल्या बाईंची परवानगी लागायची. त्या जाळीच्या खिडकीमागे बसत आणि खिडकीबाहेरच्या माणसावर त्यांचा सहसा विश्वास नसे.

“कारण लिहा,” त्या म्हणाल्या.

काटछाटेंनी लिहिलं, ‘वडिलांना बस चालवायची आहे.’

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “हे कारण यादीत नाही.”

“यादीत काय आहे?”

“दुरुस्ती, प्रदर्शन, चाचणी.”

“मग चाचणी.”

“चाचणी घेणाऱ्याचं पद, अनुभव?”

काटछाटेंनी जरा विचार केला आणि लिहिलं, ‘ज्येष्ठ चालक, अनुभव बत्तीस वर्षे.’ बाईंचा चेहरा एकदम बदलला. इतका अनुभव त्या ऑफिसात साहेबालाही नव्हता. अर्ज मंजूर झाला, मात्र रोज संध्याकाळी नेताना आणि रोज सकाळी आणताना सही करायची या अटीवर. तेव्हापासून काटछाटे ते यंत्र छातीशी धरून बसस्टॉपवर उभे राहू लागले, आणि लोक त्यांना बाळ असल्यासारखी जागा देऊ लागले.

पहिल्या संध्याकाळी बाबांना पहिल्याच स्टॉपला गरगरलं. पूर्वी तिसऱ्याला गरगरायचं. काटछाटेंच्या वीस वर्षांच्या प्रगतीचा हा आढावा होता.

शेजारचे व्होल्टेजकाका आवाज ऐकून आले. ते वीज खात्यातून निवृत्त झाले होते आणि जगात जे जे बिघडतं ते व्होल्टेजमुळे, असं त्यांचं ठाम मत होतं. घटस्फोटापर्यंत.

“स्टॅबिलायझर नाही ना?” काका म्हणाले. “मग हिसके बसणारच. आणि हे यंत्र आडवं ठेवलंय. उभं करा. गरम हवा वर जाते, हे शाळेत शिकला नाहीत का?”

“काका, हा प्रश्न विजेचा नाहीये. डोकं आणि डोळे...”

“डोकं गरम होतं ना? तेच म्हणतोय मी!”

काका घरून स्टॅबिलायझर घेऊन आले. तो फ्रिजच्या मापाचा होता आणि चालू केल्यावर गिरणीसारखा गुरगुरायचा. तो ठेवायला बुटांचं कपाट सरकवलं. कपाट सरकवलं म्हणून दार पूर्ण उघडेना. दार उघडेना म्हणून काका स्वतःच तासभर आत अडकले आणि त्या तासात त्यांनी यंत्राखाली चार वाट्या उपड्या घालून त्याला हवेशीर केलं. काटछाटेंची बायको स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती.

“अहो, टेबल गेलं,” ती शांतपणे म्हणाली. “आता वाट्या पण गेल्या. आमटी कशात वाढू? स्टॅबिलायझरमध्ये?”

 काटछाटे दोन्ही हातांनी कपाट ढकलत होते.

ऑफिसात छाटणी सुरू झाली. एकवीसवरून साडेसोळावर यायचं, म्हणजे साडेचार मिलिसेकंद शोधायचे. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो, पण तेवढ्यासाठी काटछाटेंनी आठ दिवस माणसं तोडली. आधी ते झाडवालीकडे गेले. गेममधली सगळी झाडं तिने लावलेली.

“दुसऱ्या स्टॉपजवळची अकरा झाडं काढली तर?”

“काढा ना,” झाडवाली म्हणाली. “त्यापेक्षा माझाच हात काढा. मी प्रत्येक पानाला वेगळा वारा दिलाय, माहितेय?”

“म्हणूनच म्हणतो. सगळ्या पानांना एकच वारा चालणार नाही का?”

ती दोन दिवस बोलली नाही. मग ते भोंग्याकडे गेले. भोंगा म्हणजे आवाजांचं काम बघणारा. त्याचा स्वतःचा आवाज इतका बारीक होता की हे नाव पडलं. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि बारीक आवाजात सांगितलं की आवाजातून एक कणही निघणार नाही, सगळं आवश्यक आहे. काटछाटेंनी मग कुत्र्याचं शेपूट हलणं थांबवलं. छत्र्यांच्या काड्या आठाच्या सहा केल्या. एका प्रवाशाच्या हातातल्या वर्तमानपत्राची आतली पानं कोरी केली, आणि तो माणूस मन लावून कोरा पेपर वाचताना बघून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. इतकं सगळं करून आकडा विसावर आला.

मोजणीच्या यादीत एक ओळ मात्र रोज त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. ‘प्रवासी सुरक्षा फेरतपासणी.’ एकटीच चार मिलिसेकंद खायची. आत बघितलं तर भयंकर गुंतागुंतीचा हिशेब होता आणि तो प्रत्येक चित्रामागे अकरा हजार चारशे सात वेळा व्हायचा. त्याच्या वर लिहून ठेवलं होतं: ‘याला हात लावू नये. लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय हात लावणारा मूर्ख आहे.’

काटछाटेंना ते फार लागलं. कोण हा उद्धट माणूस? पण सुरक्षा म्हटलं की माणूस जपूनच वागतो. ही ओळ काढली आणि प्रवासी बसच्या छतातून बाहेर पडायला लागले तर? नियमही असा होता की सुरक्षेच्या कामाला हात लावायचा तर मूळ लिहिणाऱ्याची लेखी संमती हवी. म्हणून त्यांनी लिहिणाऱ्याचा शोध सुरू केला. चार वर्षांपूर्वी ऑफिसचं सगळं काम संगणकातल्या जुन्या कपाटातून नव्या कपाटात हलवलं होतं, तेव्हा प्रत्येक ओळीच्या मालकाच्या जागी ‘स्थलांतर’ असं नाव पडलं होतं. काटछाटेंनी स्थलांतर या इसमाला रीतसर पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. सोडून गेलेल्या सहा जणांना फोन केले. एकाने आता गेम सोडून फुलांचं दुकान टाकलं होतं. त्याने ओळ फोनवर वाचून घेतली आणि म्हणाला, “कुणीतरी फार हुशार माणूस असणार. काढू नका.” काटछाटेंनी हे शोधपत्रकात नोंदवलं.

बुधवारी साहेबाने बोलावलं.

“काटछाटे, एक मार्ग सापडलाय. बाहेरची काही मंडळी आहेत, ती शुक्रवारी काम हातात घेतील. ती म्हणतात, एका दिवसात साठ करून देतो.”

“कसं?”

“फक्त प्रवासी काढायचे.”

काटछाटेंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. “बसमधले?”

“सगळा भार त्यांचाच आहे ना? तुम्हीच लिहिलंय अहवालात. स्टॉपवर थोडे ठेवू, लांबून दिसायला. चढायचे नाहीत फक्त.” त्याने चिमूट दाखवली. “शुक्रवारी दुपारपर्यंत तुमच्याकडून साठ झालं तर उत्तम. नाहीतर तुम्ही आता माहितीपुस्तिका बघा. तुमच्या वयाला तेच बरं, नाही का? ताण नाही.”

वयाचा उल्लेख झाल्यावर काटछाटे जे काही बोलणार होते ते विसरून गेले. जिना उतरताना त्यांना तीन फार चांगली उत्तरं सुचली. ती त्यांनी फाटकावरच्या रखवालदाराला ऐकवली आणि यंत्र छातीशी धरून घरी आले.

बाबा बिल्ला लावून तयार बसले होते. काटछाटेंनी यंत्र वाट्यांवर ठेवलं, स्टॅबिलायझर गुरगुरायला लागला आणि त्यांनी एका दमात सांगून टाकलं. शुक्रवारपासून गाडी हिसके देणार नाही. पण गाडीत कुणी चढणार नाही.

बाबांनी स्टिअरिंगवरचे हात काढले.

“रिकामी गाडी डेपोत जाते,” ते म्हणाले. “रिकामी गाडी चालवायला ड्रायव्हर कशाला हवा? ढकलणारे चार जण पुरतात.”

“माझा इलाज चालला नाही, बाबा.”

 बाबांना मुलाला बोलायची सवय होती, मुलगा पडलेला बघायची नव्हती. जरा वेळाने त्यांनी गाडी सुरू केली, बहुतेक मुलाला बरं वाटावं म्हणून. पहिल्या स्टॉपला डोळे किलकिले केले. दुसऱ्याला पाणी प्यायले. मग मध्येच म्हणाले, “एक सांगू का? ही गाडी दमलेली नाही. मला दमलेली गाडी कळते. ही वेळ काढतेय.”

“म्हणजे?”

“अरे, इंजिन ओढतंय आणि कुणीतरी पाय दाबून धरलाय, तसं वाटतं. आम्हीच करायचो ना ते. माझ्या मार्गाला बावन्न मिनिटं लावून दिली होती. मला पंचेचाळीस लागायची. सात मिनिटं मी बत्तीस वर्षं कुणाला दाखवली नाहीत.”

काटछाटे बघतच राहिले. हा माणूस घरी जेवायला दोन मिनिटं उशीर झाला तरी घड्याळ दाखवायचा.

“शेवटच्या स्टॉपच्या आधी एक लांब भिंत होती. तिथे गाडी रांगवायची. कुणी बघितलंच तर ब्रेक तपासतोय म्हणायचं. ब्रेक तपासतोय म्हटल्यावर कोण विचारतंय?”

“पण कशाला?”

“वेळापत्रकवाल्यांना पंचेचाळीस दिसली असती तर दुसऱ्या दिवशी पंचेचाळीसच लागली असती. मग एखादी म्हातारी पिशव्या घेऊन चढायला वेळ लावणार. तिच्यावर खेकसायचं का मी? ती सात मिनिटं तिची होती.” बाबांनी बिल्ला सदऱ्याच्या कोपऱ्याने पुसला. “लहानपणी तुला पुढच्या सीटवर घेऊन जायचो तेव्हा सांगितलं होतं की. तू काय, खिडकीबाहेर बघत असशील.”

ब्रेक तपासतोय. सुरक्षा फेरतपासणी. काटछाटे उठून उभे राहिले आणि बाबांच्या छातीकडे बघायला लागले. पितळ झिजलं होतं, पण आकडे वाचता येत होते. एक एक चार शून्य सात. अकरा हजार चारशे सात.

आठ वर्षांपूर्वीची एक दुपार त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. गेमचं काम नुकतंच सुरू झालं होतं. आधीचा साहेब, तोही ‘जरासं’ म्हणायचा, शेवटच्या आठवड्यात काहीतरी वाढवून मागणार हे ठरलेलं होतं. तेव्हा ऐनवेळी वेळ मोकळा करून देता यावा म्हणून काटछाटेंनी मुद्दाम एक निरुपयोगी हिशेब लिहून ठेवला होता. काहीही न करणारा, नुसता वेळ खाणारा. कुणी हात लावू नये म्हणून त्याला सुरक्षेचं नाव दिलं. किती वेळा फिरवायचा याला एक आकडा हवा होता, तर जो तोंडात आला तो टाकला. ऐनवेळी कुणी काही मागितलं नाही, गेम बाजारात गेला, आणि काटछाटे आपली चोरकप्प्यातली शिल्लक विसरून गेले. आठवडाभर ते ज्याला शोधत होते, ज्याला लेखी पत्र पाठवलं होतं आणि मनातल्या मनात ज्याला उद्धट म्हटलं होतं, तो इसम स्टॅबिलायझरशेजारी उभा होता.

“काय झालं?” बाबांनी विचारलं. “तुला पण गरगरलं का?”

“नाही,” काटछाटे म्हणाले. “मूर्ख सापडला.”

गुरुवारी त्यांनी ती ओळ काढली. आकडा विसावरून सोळावर आला. कुणीही छतातून बाहेर पडलं नाही. मूळ लिहिणाऱ्याची लेखी संमती त्यांनी स्वतःच स्वतःला दिली आणि तिची पोच घेतली.

मग मात्र त्यांना राहवेना. ते झाडवालीकडे गेले आणि सगळं कबूल केलं. ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती हळूच उठली, दार लावून आली आणि म्हणाली, “डेपोच्या जमिनीखाली माझी चारशे झाडं आहेत.”

“जमिनीखाली?”

“पुरलेली. कुणाला दिसत नाहीत. तुम्ही एक दिवस छाटायला येणार हे मला माहीत होतं. मग रडून रडून ती काढून द्यायची, असं ठरवलं होतं. आणि मग विसरलेच. वरच्या झाडांसाठी भांडत बसले.”

भोंग्याला बोलावलं. तो बराच वेळ बुटांकडे बघत राहिला. मग बारीक आवाजात त्याने सांगितलं की गेमच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळीस जणांचा वाद्यवृंद वाजतोय. आवाजाची कळ मात्र शून्यावर आहे. सात वर्षं ते बिचारे मुक्याने वाजवत होते. तिघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग झाडवालीने सात वर्षांत पहिल्यांदा काटछाटेंसाठी चहा मागवला.

झाडं उपटली, वाद्यवृंदाला घरी पाठवलं. कुत्र्याचं शेपूट परत हलायला लागलं, पेपरात बातम्या आल्या. तरी आकडा साडेचौदा. साठ होऊन वर दोन मिलिसेकंद उरले. त्या दुपारी काटछाटे खुर्चीत ताठ बसले होते. माहितीपुस्तिका म्हणे! साडेचौदाचा आकडा साहेबाच्या टेबलावर आपटायचा आणि जिन्यातली ती तीन उत्तरं एकापाठोपाठ द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. वीस वर्षांत असा प्रसंग आला नव्हता.

शुक्रवारी ते साहेबासमोर उभे राहिले. पडद्यावर गाडी धावत होती, गच्च भरलेली, आणि एकही हिसका नव्हता.

“वा!” साहेब म्हणाला. “म्हणजे जमतं की! बरं, यात अजून काही उरलंय का? कारण माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. फक्त खिडकीच्या प्रत्येक काचेत...” आणि त्याची दोन बोटं हवेत जुळली.

काटछाटेंनी त्या चिमटीकडे पाहिलं. त्यांना पिशव्या घेतलेली एक म्हातारी दिसली, पायरीवर एक पाय टाकलेली.

“नाही, साहेब,” ते म्हणाले. “घासून पुसून एवढंच. बरोबर साडेसोळा.”

दाराशी उभ्या असलेल्या झाडवालीने छताकडे पाहिलं. दोन मिलिसेकंदांना आदल्या संध्याकाळीच नवीन नाव मिळालं होतं. यादीत आता ‘ब्रेक तपासणी’ अशी ओळ होती. तीन जणांना माहीत असलेली आणि हात लावणाऱ्याला मूर्ख न म्हणणारी.

बाहेरच्या मंडळींना नको म्हणून कळवलं. त्या संध्याकाळी स्टोअरवाल्या बाईंनी चाचणीचा निकाल विचारला, तेव्हा काटछाटे म्हणाले, “आज कळेल.”

घरी बाबांनी बिल्ला लावला. व्होल्टेजकाका आपला स्टॅबिलायझर कसा लागू पडला ते बघायला आले होते. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. गाडी सुटली. पहिला स्टॉप गेला. दुसरा गेला. तिसऱ्या स्टॉपनंतरचं वळण आलं आणि काटछाटेंनी स्वतःच डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी वळणाच्या पलीकडे होती आणि बाबा आरसा नसलेल्या जागी आरसा बघत होते. चौथ्या स्टॉपवर पिशव्यावाली बाई चढली, सावकाश, एकेक पायरी. बाबा थांबले. ती बसेपर्यंत त्यांनी गाडी हलवली नाही. मग पाचवा, मग सहावा, मग बाबांनी कधीच न पाहिलेले रस्ते. पंचवीस मिनिटं गाडी एका लयीत धावली. बाबा एकदाच, नजर रस्त्यावर ठेवून म्हणाले, “चहा सांडला नसता.”

काटछाटेंना एकदम नाक शिंकरावं लागलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना दोन प्रमाणपत्रं आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, पण ते सगळं त्या क्षणी त्यांनी कुणालाही देऊन टाकलं असतं.

शेवटचा स्टॉप दिसायला लागला. आणि अचानक गाडी थांबली. एका लांब भिंतीच्या कडेला, स्टॉपच्या शंभर पावलं अलीकडे. काटछाटे पुढे झुकले.

“अडकली का? बाबा? गरगरतंय का?”

“व्होल्टेज!” काका ओरडले.

“अडकली नाही आणि गरगरत पण नाही,” बाबा म्हणाले. “चार मिनिटं लवकर आलोय.”

“पण इथे कुणी वेळापत्रकवाला नाहीये. हा गेम आहे.”

“असतो,” बाबा म्हणाले. “सगळीकडे असतो. तो काय टोपी घालून येतो?”

काटछाटेंनी सोफ्याजवळचं स्टूल ओढलं आणि ते बाबांच्या शेजारी, जिथे लहानपणी बसायचे त्या बाजूला बसले. पडद्यावर प्रवासी डुलक्या काढत होते. कुत्रा शेपूट हलवत भिंतीकडेने गेला. बापलेक दोघंही हाताची घडी घालून त्याच्याकडे बघत राहिले, आणि असं काहीच न करता बसणं किती चांगलं असतं हे काटछाटेंना कितीतरी वर्षांनी आठवलं. 

बायको ताटं घेऊन दारात आली. “अहो, आज तरी टेबल मिळणार आहे का जेवायला? अजून किती वेळ?”

“चार मिनिटं,” दोघंही एकदमच म्हणाले.

खरं तर दोनच उरली होती.